रंगवलेल्या पेट्या

केबल पुरून झाली होती, चर बुजवून वरची माती पायांनी दाबून झाली होती, तरी सकाळपासून घरात दुसरा विषय नव्हता. धाकट्याने परसाच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथे वीज न्यायची तर जमिनीखालून आणि आर्मर्ड केबलनेच न्यायची, हा वायरमनचा हुकूम होता. वायरमन म्हणजे घरचे कर्ते. मुलं आणि सुना त्यांना बाबा म्हणत, पण बाकी सगळी गल्ली, यच्चयावत नातलग आणि चिडल्या की त्यांची बायकोसुद्धा त्यांना वायरमनच म्हणे. "वरून लोंबकळणारी वायर आपल्या घराला शोभत नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याच दमात आणखी एक जाहीर केलं. हे आपलं शेवटचं काम. परसातला दिवा लागला की पक्कड खाली ठेवणार.

या दुसऱ्या घोषणेवर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. पण दिवा लागताना बघायला मात्र सगळे हजर होते. परसात खुर्च्या मांडल्या होत्या. थोरला ऊन लागू नये म्हणून कापडी छत उभारत होता. वायरमनचा धाकटा भाऊ, जो आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या रंगवत आला, तो रंगारीकाका इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसला होता. त्याला तिथे बसायचा हक्क होता. केबलच्या दोन्ही टोकांच्या लोखंडी पेट्या त्यानेच रंगवल्या होत्या, आणि त्या इतक्या देखण्या दिसत होत्या की थोरल्याच्या बायकोने, थोरलीने, एकीत चेहरा बघून केस सारखे केले होते.

वायरमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चष्म्यातूनही त्यांना लाल आणि तपकिरी वायर एकच दिसे. तरी त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काम बघणं हा एक सोहळा होता. आर्मर्ड केबलच्या काळ्या आवरणाखाली लोखंडी तारांचं चिलखत असतं. वरचं आवरण ते असं गोल कापत की आतल्या एकाही तारेला पातं लागू नये. मग त्या तारा एकेक करून उलगडायच्या, केबल पेटीत घट्ट धरणाऱ्या पितळी ग्लँडच्या निमुळत्या तोंडावर सारख्या फुलवायच्या आणि वरून नट आवळायचा. एकही तार दुसरीवर चढत नसे. या खेपेला त्यांनी हे डोळ्यांनी केलंच नव्हतं, निव्वळ बोटांनी केलं होतं. धाकटी शेजारी बसून बघत राहिली होती. परीक्षा देऊन परवाना तिने मिळवला होता, पण असा ग्लँड तिला अजून जमत नव्हता, आणि ते ती कुणालाही मोकळेपणाने सांगे.

धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. लग्नानंतर तिने वायरमनचा कोर्स करायचा म्हटलं तेव्हा घरात काय महाभारत झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. सासूबाई नको म्हणाल्या, थोरली नको म्हणाली, नवऱ्याने दोन्हींकडे मान हलवली. एकटे वायरमन म्हणाले, "शिकू दे. हत्यारं माझी घे." आज सकाळी त्यांनीच तिला हाक मारून सांगितलं होतं, "सूनबाई, मी मेन स्विच चढवायच्या आधी सगळ्यांसमोर तू जोडणी मीटर लावून तपास. लोकांना कळू दे, आपल्या घरात आता परवानेवाली आहे."

चारचौघांत चुकायला नको, म्हणून ती तासभर आधी एकटीच नव्या खोलीत गेली. पेटीचं झाकण उघडलं. मीटरची एक काडी ग्लँडच्या पितळेला लावली आणि दुसरी पेटीतल्या अर्थच्या बोल्टला. दोन्हींचा जोड नीट असला की मीटर वाजतो, म्हणजे वाजायला हवं होतं. मीटर वाजला नाही.

काड्या एकमेकींना लावून पाहिल्या. मीटर वाजला. पुन्हा ग्लँडला लावली. चिडीचूप. ती धावत जुन्या घराच्या मागच्या पडवीतल्या पेटीकडे गेली आणि तिथेही तोच प्रकार. म्हणजे दोन्ही टोकांना ग्लँड पेटीत आवळलेला होता, पण त्याचा पेटीशी विजेचा संबंधच नव्हता. केबलचं अख्खं चिलखत जमिनीखाली बेवारशी पडलं होतं. चिलखताला अर्थिंग असलं तर केबलला इजा झाली की तत्काळ फ्यूज उडतो आणि खेळ खलास. अर्थिंग नसलं तर फ्यूज तसाच राहतो आणि चिलखतात वीज येऊन बसते, कुणाचा तरी हात लागायची वाट बघत.

बाहेरून घणाचे घाव ऐकू येत होते. थोरला छतासाठी लोखंडी सळया जमिनीत ठोकत होता.

"उद्या कर ना," धाकटा म्हणाला. बायकोने त्याला खोलीत ओढून आणून सगळं सांगितलं होतं. "आज बाबांना मेन चढवू दे, दिवा लागू दे, जेवणं होऊ देत. उद्या सगळे गेले की गुपचूप तू नीट कर. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"आणि आज कुणाला काही झालं तर?"

"एका दिवसात काय होणार आहे?"

"भाऊजी सळया कुठे ठोकतायत ते बघितलंस?"

त्याने खिडकीतून पाहिलं. सळया चराच्या कडेकडेनेच चालल्या होत्या, कारण उकरलेली माती मऊ लागते. त्याचा चेहरा उतरला, पण हट्ट गेला नाही. "अगं, पण त्यांचं शेवटचं काम आहे. तुला कोर्सला कुणी पाठवलं? त्यांनी. आणि तूच सगळ्यांसमोर त्यांना चूक म्हणणार?"

ती म्हणाली, "तेच मला जड जातंय. त्यांच्याऐवजी दुसरं कुणी असतं ना, तर मी तुला विचारायलासुद्धा आले नसते."

दारात पेले वाजले. थोरली सरबताचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. थोरलीचं ऐकणं म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीचं ऐकणं, अशी तिची ख्याती. धाकट्याने हातच जोडले. "वहिनी, तुम्ही तरी हिला समजवा."

थोरलीने ट्रे खाली ठेवला. या जावेशी तिचं कधी फारसं पटलं नव्हतं. हातात पक्कड घेऊन फिरणारी सून तिला आगाऊ वाटायची आणि आतून, कुणाला सांगणार नाही, थोडा हेवाही वाटायचा. पण या क्षणी तिला स्वतःचं लग्न आठवलं. लग्नाआधी बघायला आलेल्या तिच्या वडिलांनी याच घरात नुसतं म्हटलं होतं, "बोर्ड जरासा तिरका वाटतो." वायरमननी तिथल्या तिथे तो भिंतीवरचा स्विचबोर्ड उतरवला, पुन्हा लावला आणि एक शब्द बोलले नाहीत. लग्न झालं खरं, पण व्याह्यांशी बोलायला त्यांना नातवंड व्हावं लागलं.

"माझे वडील नुसतं तिरका म्हणाले होते," थोरली म्हणाली. "तू तर अर्थिंगच नाही म्हणतेयस. तुझं काही खरं नाही."

"माहितीये, ताई."

"पण बोर्ड तिरकाच होता," थोरली म्हणाली. "मी आजवर हे कुणाला बोलले नाही. तू सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहते." आणि ती तरातरा बाहेर गेली. "अहो! ठोकणं थांबवा ते!"

"का?" थोरल्याने घण वरच धरून विचारलं.

"माझं डोकं दुखतंय."

"मग छत?"

"ऊन खा थोडं. डॉक्टर म्हणतात चांगलं असतं."

आता उरल्या सासूबाई. त्यांना न विचारता या घरात कुणी वायरमनशी गंभीर बोलत नसे. धाकटीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. त्यांना सगळं ऐकून आधी राग आला तो नवऱ्याचाच. डोळे दिसत नाहीत, डॉक्टरकडे चला म्हटलं की उद्या म्हणायचं. मग सुनेकडे पाहिलं आणि राग कुठच्या कुठे गेला. पोरीचं नाक लाल झालं होतं. या मुलीला आपण शिकू नको म्हणत होतो, हे त्यांना त्या घटकेला फार लागलं.

"एकटं गाठून सांगूया," त्या म्हणाल्या. "चारचौघांत नको. अहो! जरा आत येता का?"

"बोल तिथूनच," परसातून आवाज आला.

"आत या म्हणतेय ना."

"इथे कुणी परकं नाही. जे असेल ते इथे बोल. आणि सूनबाईला पाठव, मुहूर्त टळतोय."

मुहूर्त वगैरे काही नव्हता. त्यांना घाई झाली होती, एवढंच. धाकटी मीटर घेऊन बाहेर आली. वायरमन पडवीतल्या पेटीशेजारी, नव्या मेनच्या दांड्यावर हात ठेवून, ताठ, फोटोला उभे राहिल्यासारखे उभे होते. थोरली ठरल्याप्रमाणे तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सासूबाईही पदराला हात पुसत दुसऱ्या बाजूला आल्या. थोरल्याला काहीच कळेना. घरातल्या तिघी बायका एका रांगेत उभ्या आहेत हे दृश्य त्याने आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते फारसं शुभ वाटलं नाही.

"बाबा, मेन चढवू नका," धाकटी म्हणाली.

"का?"

"चिलखताला अर्थिंग नाही. दोन्ही टोकांना नाही. मी मघाशी तपासलं."

वायरमनचा हात दांड्यावरच राहिला.

"मीटरची बॅटरी बघ."

"बघितली."

"काड्या?"

"एकमेकींना लावल्या की वाजतो. ग्लँडला लावला की नाही."

"ग्लँड मी लावलाय," ते म्हणाले. तो आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. याच आवाजानंतर बोर्ड उतरला होता.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. "हो बाबा. असा ग्लँड मला या जन्मात जमणार नाही. पण तो पेटीला लागत नाहीये. तुम्ही हात लावून बघा."

धाकटा, जो एवढा वेळ भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता, अचानक बोलला, "बाबा, बघा तर खरं. ती खोटं सांगणार नाही." बोलून झाल्यावर त्यालाच आश्चर्य वाटलं.

वायरमननी दांडा सोडला. पेटीत हात घातला, नटाच्या भोवती बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा, सावकाश. कपाळावर आठी पडली. "इथे मी खरवडलं होतं," ते म्हणाले. "भोकाभोवती सगळा रंग काढून पत्रा उघडा केला होता. दोन्ही पेट्यांना. रंगावर ग्लँड बसला तर वीज कुठून जाणार? मी खरवडलं होतं. मला चांगलं आठवतंय."

पुढच्या खुर्चीत रंगारीकाका हसतमुखाने बसला होता. त्याच्या मनात आलं, बरं झालं विषय निघाला, नाहीतर हे आपण स्वतःहून सांगणं बरं दिसलं नसतं.

"दादा, ते ओरखडे ना? ते मी बुजवले," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"अरे, तू केबल जोडायच्या आधी, दुपारी झोपला होतास. पेट्या रंगवायला घेतल्या तर आतून भोकाभोवती हे एवढे ओरखडे. म्हटलं दुकानदाराने फसवलं आपल्याला. लांबी लिंपून खाचा भरल्या, पॉलिश पेपर मारला, वर दोन हात ऑइल पेंट दिला. म्हटलं दादाचं शेवटचं काम आहे, आतूनसुद्धा डाग नको." एवढं बोलून तो थांबला. समोरचे चेहरे बघून त्याला काहीतरी उमगायला लागलं. हसू हळूहळू मावळलं. "का रे? नको होतं का?"

थोरला फस्सकन हसला आणि बायकोच्या नजरेने गप्प झाला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दोघा भावांचं एकदा बिनसलं की सणावारी जेवायला बोलवायची पंचाईत होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रंगारीकाका खुर्चीतून उठला. इस्त्रीच्या शर्टात तो एकाएकी फार म्हातारा दिसला. "दादा, मला कुणी सांगितलंच नाही रे. मला वाटलं..."

"इकडे ये," वायरमन म्हणाले.

तो आला. वायरमननी त्याचं बोट धरलं आणि पेटीत नेऊन भोकाभोवती फिरवलं. "लागतं काही हाताला?"

"नाही."

"मलाही नाही लागलं. माझं बोट केसाची जाडी सांगतं, आणि मी खरवडलेली जागा मलाच सापडली नाही." ते भावाकडे बघत होते. मोतीबिंदूमुळे नीट दिसत नसावा, पण बघत होते. "काय हात आहे रे तुझा! सबंध जन्म मी तुला भिंती फासणारा म्हणत आलो."

रंगारीकाकाने नाक ओढलं. वायरमननी खिशातली जुनी पटाशी काढून त्याच्या हातात दिली. "आता ते सगळं तूच खरवड. माझ्या डोळ्यांना दिसणार नाही, आणि तुझं काम दुसऱ्याने खराब करावं हे मला बघवणार नाही."

मग काम सुरू झालं. धाकटीने वायर सोडवल्या, नट काढला, ग्लँड अलगद मागे सरकवला. रंगारीकाकाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वतःच्या हातचा रंग खरवडायला बसला. खरवडतानाही त्याची रीत सुटली नाही. भोकाभोवती त्याने पत्रा इतका गोल आणि स्वच्छ उघडा केला की थोरली म्हणाली, "काका, हासुद्धा रंगच वाटतोय." धाकटीने विचारलं, "बाबा, ग्लँडला वरून एक कडी घालून वेगळी वायर अर्थच्या बोल्टला नेऊ का? म्हणजे रंगाचा प्रश्नच राहणार नाही." हेच तिने काम चालू असताना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, माझ्या कामाला कुबड्या लागत नाहीत. आता ते म्हणाले, "घाल. दोन्हीकडे घाल." आणि नट मात्र त्यांनी स्वतः आवळला. त्यांच्या मनगटाचा तो शेवटचा हिसका बघताना धाकटीला वाटलं, आपण इतकं शिकलो, तरी हे शिकायला अजून पुष्कळ वेळ या माणसाजवळ बसायला हवं.

थोरल्याने तेवढ्यात सगळ्या सळया उपटून भिंतीच्या कडेला नेऊन ठोकल्या. डोकेदुखीचा अर्थ त्याला समजला होता, आणि बायकोशी तो बराच वेळ अदबीने बोलत होता.

धाकटीने काड्या लावल्या. मीटर वाजला. ती नव्या खोलीत गेली. तिथेही वाजला, इतका मोठ्याने की परसात ऐकू आला.

"पुन्हा लाव," वायरमन म्हणाले.

तिने पुन्हा लावल्या. पुन्हा वाजला.

"आता चढव मेन."

"मी? नाही बाबा, तुमचं काम आहे. तुम्हीच."

"ज्याने तपासलं त्याने चढवायचं. आजपासून असंच."

तिने दांडा वर केला. परसाच्या टोकाला नव्या खोलीत दिवा लागला. टाळ्या पडल्या. रंगारीकाकाने सगळ्यांत जोरात वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "झालं एकदाचं. ठेवा आता ती पक्कड खाली," आणि वाटण करायला आत गेल्या. वायरमननी टाळी वाजवली नाही. ते दिव्याकडेही बघत नव्हते. ते वळून जुन्या घराकडे बघत होते, जिथे पोरं लहान असताना त्यांनी एकट्याने भिंतीभिंतीतून वायर ओढली होती.

"हे घर कुणी तपासलं?" त्यांनी विचारलं.

कुणाला प्रश्नच कळला नाही.

"मीच केलं आणि मीच चांगलं म्हटलं," ते स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले. "आणि गावभर केलेली कामं? सगळीकडे मी मेन चढवायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. थांबा म्हणायची कुणाची टाप नव्हती. मला आवडायचं ते." ते थोरलीकडे वळले. "तुझे वडील एकदा म्हणाले होते. बोर्ड तिरका होता का गं?"

थोरलीने बाजूला पाहिलं. शेजारी धाकटी उभी होती. "होता, बाबा," ती म्हणाली.

"हं," वायरमन म्हणाले. आणि कुणी काही विचारायच्या आत ते ताडताड चालत जुन्या घरात शिरले. खटकन आवाज झाला. घरातले सगळे पंखे एकदम मंदावत थांबले. स्वयंपाकघरातला मिक्सर घरघरून बंद पडला. परसाच्या टोकाचा नवा दिवाही गेला.

"अरे, आत्ताच तर लागला होता!" रंगारीकाका ओरडला.

"अहो, माझं वाटण अर्धं राहिलंय!" सासूबाई ओरडल्या.

"राहू दे," आतून आवाज आला. "सूनबाई, मीटर घेऊन ये. स्वयंपाकघरापासून सुरू कर. हे झालं की उद्यापासून माझ्या एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जायचंय." धाकटी दारापर्यंत पोचली तेव्हा ते अंधाऱ्या बोळात काढून हातात घेतलेलं बोर्डाचं झाकण चाचपत उभे होते. "आणि हे बघ," ते म्हणाले, "काही सापडलं तर हळू सांगू नकोस. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."